वरची एक टेस्ट

मालवणच्या बाजारात मासे घेताना दर ठरला, पैसे दिले, पिशवीत मासळी पडली, तरी व्यवहार पुरा होत नाही. गिऱ्हाईक पिशवीचं तोंड उघडंच धरून उभं राहतं आणि विचारतं, "वर काय?" मग विकणारी तोंड वाकडं करते आणि एखादा बांगडा नाहीतर मूठभर सुंगटं, म्हणजे कोळंबी, वर टाकते. नाही टाकली तर ते गिऱ्हाईक पुढच्या खेपेला शेजारणीच्या पाटीसमोर बसतं. माझी आई जन्मभर त्या बाजारात बसली. कल्ले उघडून बघितल्याशिवाय मासळी ताजी मानायची नाही हे मी तिच्याकडून शिकले. आणखी एक शिकले, ते ती कधी उघड बोलली नाही. वर टाकायचा बांगडा नेहमी किंचित मऊ पडलेलाच असतो.

पुढे मी रक्त तपासायला लागले. मुंबईच्या एका हॉस्पिटलात आधी काचेच्या नळ्या धुतल्या, मग नोकरी करत लॅबचा कोर्स केला आणि गावी येऊन बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांची लॅब टाकली. त्याला आता बरीच वर्षं झाली. आई म्हणाली होती, "मासळी आनि रगत, दोनय नाशिवंत. बेगीन काम कर." एवढंच तिचं मार्गदर्शन, पण कोर्समध्ये कोणी त्याहून उपयोगाचं सांगितल्याचं आठवत नाही.

आमच्या धंद्याबद्दल लोकांचे दोन गैरसमज आहेत. पहिला, सगळं मशीन करतं. दुसरा, सगळं डॉक्टर करतात. माझ्या लॅबच्या रिपोर्टवर सही करायला कुडाळहून डॉक्टर येतात, आठवड्यातून दोनदा. कायदाच तसा आहे आणि तो बरोबर आहे, उगाच खोटं कशाला बोलू? माणूस विद्वान आहे, सरळ आहे. पण नळी मी भरते, काच मी रंगवते, मायक्रोस्कोपला डोळा मी लावते आणि खाली सही त्यांची. एकदा मी म्हटलं, "साहेब, सहीच्या खाली बारीक अक्षरात माझं नाव टाकलं तर?" ते हसले आणि म्हणाले, "फॉर्ममध्ये तसा रकाना नाही." हा रकाना माझ्या घशात हाडासारखा अडकलेला आहे. वाचकांनी सुरुवातीलाच ओळखून असावं की हा लेख मी रागाने लिहिते आहे.

रागाचं मूळ म्हणजे तारकर्लीचा बाबीमामा.

बाबीमामा रापणकार. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं लांबच लांब जाळं. दोरीला वीस-तीस माणसं लागतात आणि ओरडायला एक लागतो. तो एक बाबीमामा. माझी आई त्याच्याकडून किनाऱ्यावर मासळी घ्यायची आणि भावावरून दोघांची जी जुंपायची ती ऐकायला लोक दात घासत उभे राहायचे. आई गेली तेव्हा हा माणूस खांदा द्यायला सगळ्यांत पुढे होता. दुसऱ्या दिवसापासून त्याने भांडण माझ्याशी चालू केलं.

तीन वर्षांपूर्वी सुनेने हट्ट धरला म्हणून तो साखर तपासायला लॅबमध्ये आला.

"मामा, उपाशी इलंस ना?" मी विचारलं.

"उपाशीच. घोटभर पेज घेतलंय फक्त."

"पेज घेतलंस म्हणजे उपाशी कसो?"

"आवशीक खाव! पेज काय जेवण? पेज घेतल्याशिवाय माणूस दर्यार जायत कसो?"

आमच्याकडे निम्मे लोक असेच 'उपाशी' येतात. मी त्याला परत पाठवला. दुसऱ्या दिवशी तो खरोखरच उपाशी आला आणि त्यामुळे दुप्पट चिडलेला होता. दरावर अर्धा तास घासाघीस झाली.

"इतक्यात तर सुरमय येता गो!"

"मग सुरमय खा आनि साकर वाढव."

शेवटी मी थोडं उतरले, तो थोडा चढला. मी रक्त घेतलं. कापूस लावला. तरी हा बाही वर करून बसलेलाच.

"आता काय?"

"वर काय?"

"वर काय म्हणजे? हय मी मासळी इकतंय?"

"तुजी आवस वर टाकल्याशिवाय कदी सोडी नाय हां. लेक शिकली आनि चिकट झाली."

आईचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. त्याला ते चांगलं ठाऊक होतं. मी तणतणत पुन्हा सुई टोचून आणखी एक नळी भरून घेतली आणि म्हटलं, "ही घे! वरची एक टेस्ट! आता ऊठ!"

तो उठला, पण भिंतीला धरून. अर्ध्यातच थांबला आणि डोळे मिटून उभा राहिला.

"पाठीक काय झाला?"

"रापणकाराची पाठ ती. दुखली नाय तर रापणकार कसलो? धा-बारा दिवस चोळून घेतंय तेल."

ती वरची टेस्ट म्हणजे आमच्या दुकानातला सगळ्यांत स्वस्त माल. रक्त गोठू नये म्हणून औषध घालायचं, बारीक उभ्या काचेच्या नळीत ओढायचं, नळी स्टँडवर उभी करायची आणि तासभर तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. पेज निवायला ठेवली की शितं खाली बसतात आणि वर निवळ राहते, तशा रक्तातल्या तांबड्या पेशी खाली बसतात. तासात किती खाली गेल्या ते नळीवरच्या खुणांवर वाचायचं. निरोगी माणसाच्या पेशी आळशी असतात, वीस-पंचवीस खुणांच्या आत थांबतात. बाबीमामाच्या पेशी शंभराव्या खुणेच्याही खाली गेल्या होत्या.

मी म्हटलं, नळी तिरकी उभी राहिली असेल. पुन्हा लावली. पुन्हा तेच. मग त्याच्या रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. तांबड्या पेशी सुट्या सुट्या दिसायला हव्यात. या एकमेकींना चिकटून घावणांच्या चळतीसारख्या रचलेल्या होत्या. काचेवर मागे सगळीकडे निळसर झाक होती.

हे चित्र मी आधी एकदा पाहिलं होतं. लॅब नवी होती तेव्हा जामसंड्याची एक बाई आली होती. कंबर दुखते म्हणून वर्षभर लेप लावत होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त हिमोग्लोबिन लिहिलेलं. मी चळती पाहिल्या, नवल वाटलं आणि हिमोग्लोबिनचा आकडा लिहून दिला. विचारलं नव्हतं तर सांगायचं कशाला, असं तेव्हा वाटलं. काही महिन्यांनी तिचं मांडीचं हाड अंथरुणात कूस बदलताना मोडलं. पुढचं लिहीत नाही. त्या रिपोर्टवरही माझं नाव नव्हतं आणि त्या एका वेळी ते नसल्याचं मला बरं वाटलं होतं. त्याची लाज अजून जात नाही.

म्हणून या खेपेला मी कुडाळला फोन लावला.

डॉक्टर म्हणाले, "शालनबाई, ही टेस्ट कशानेही वाढते. सर्दी-तापानेसुद्धा."

"साहेब, कल्ले बघितलेत मी. मासळी बिघडलेली आहे."

"काय?"

"काही नाही. तुम्ही काच बघायला या."

ते आले, बघितली, "हं" म्हणाले. डॉक्टरांच्या 'हं'मध्ये किती प्रकार असतात ते मला आता कळतं. हा वाईट प्रकारचा होता. पुढची तपासणी करायला हवी, असं ठरलं. ती आमच्याकडे होत नाही. रक्तातल्या पिवळ्या पाण्यातली प्रथिनं विजेच्या प्रवाहात पळवायची आणि कोण कुठे जाऊन थांबतं ते बघायचं, अशी ती शर्यत असते.

मी बाबीमामाला फोन केला. साखर बरी आहे, पण दुसऱ्या टेस्टमध्ये गडबड आहे, पुन्हा रक्त दे, म्हटलं.

"खंयची दुसरी? ती वरची?" तो हसायलाच लागला. "गो बाय माजे, वर टाकलेलो बांगडो कोण हुंगान बगता? तो मऊच असता!"

आमच्या बाजारात जन्म काढलेल्या माणसाला हे पटवायचं कसं? फुकट मिळालेलं ते हलकं, हे त्याच्यासाठी भरती-ओहोटीइतकं पक्कं होतं. मामीला, म्हणजे त्याच्या बायकोला मी सांगून बघितलं. मामी म्हणाली, "माजा आयकता तो? त्येका विचार, लग्नात हुंडो घेवक नाय म्हणान माकापन तो वरचीच समाजता."

आठ दिवस गेले. तो येईना. पाठ चोळून घ्यायला मात्र रोज जाई. मला झोप लागेना. जामसंड्याची बाई डोळ्यांपुढून हलत नव्हती. शेवटी एका सकाळी मी तारकर्लीला गेले. रापण ओढणं चालू होतं आणि बाबीमामा ओरडत होता, पण दोरीला हात न लावता. मी त्याच्या समोर उभी राहिले.

"मामा, चल."

"फुकटची टेस्ट, फुकटचा भय!" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. दोरीवरची माणसं हसली.

मी खूप काही बोलणार होते. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण आईची आठवण झाली. गिऱ्हाईक हातचं जातंय असं दिसलं की आई ओरडायची नाही, पाटी झाकायची.

"बरां," मी म्हटलं. "ती वरची बाद. मऊ होती. आता खरी टेस्ट आसा. म्हाग आसा. रोकडे पैसे, एक रुपयो कमी करूचंय नाय आनि वर काय गावाचा नाय."

त्याचे डोळे चमकले. भाव म्हटल्यावर तो दुखणं विसरला. "कितीक?"

मी आकडा सांगितला.

"निम्म्यार ये."

"नाय."

"बरां, निम्मे आनि वर दोन सुरमया."

"नाय."

"शालन, तुज्या आवशीन—"

"आवशीचा नाव काडू नको. नाय म्हणजे नाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. दोरी ओढणारेही थांबले. मला त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. देवळात नारळाचा भाव करणारी बाई मी! एसटीच्या कंडक्टरशी घासाघीस करून बघितलेली. आणि मी आज एक रुपया खाली येत नव्हते.

तो हळूच म्हणाला, "तू कमी करूक नाय म्हणजे... काय तरी आसा."

"आसा, मामा."

तो वाळूतून माझ्यामागून चालू लागला. पुरे पैसे मोजले. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच.

नमुना बर्फात ठेवून एसटीने कसालला पाठवायचा, तिथे हायवेवर लॅबची गाडी थांबते, ती पुढे नेते. या खेपेला डबा घेऊन मी स्वतःच एसटीत बसले. बर्फ मी नेहमीप्रमाणे मासळीच्या बर्फवाल्याकडून आणला होता. त्यामुळे थर्मोकोलच्या डब्याला बांगड्यांचा वास मारत होता आणि कंडक्टर वाटेभर विचारत राहिला, "बाय, काय ताजा आसा?" मी म्हटलं, "रापणकार आसा. अख्खो." त्यानंतर तो माझ्या बाकाकडे फिरकला नाही.

रिपोर्ट आला. प्रथिनांच्या आलेखात एरवी लहानमोठ्या टेकड्या दिसतात. इथे एकच सुळका उभा होता, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बुरुजावरच्या काठीसारखा.

डॉक्टरांनी बाबीमामाला समोर बसवून सांगितलं. हाडांच्या मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर असावा, गोव्याला जाऊन मज्जा तपासून घ्यायला हवी. ते गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "आता माणसाच्या भाषेत सांग."

मी सांगितलं. मेडिकल कॉलेजात मी गेले नाही, हे सगळं मला त्याच डॉक्टरांनी कधीकाळी फावल्या वेळात समजावलेलं आहे. दाखला मात्र मी आमच्या गडग्याचा, म्हणजे चिरे रचून बांधलेल्या भिंतीचा दिला. म्हटलं, "मामा, हाड म्हणजे चिऱ्याचो गडगो. तेच्यात दोन तऱ्हेचे कामगार आसत. एक जुने चिरे काडतत, दुसरे नवे बसयतत. जन्मभर दोगांचा काम सारख्याक सारखा चलता म्हणान गडगो उभो. आता तेंच्यात एक वायट पेशी शिरली. ती रगतात एकच एक प्रथिन सोडीत ऱ्हवता, तेनाच तुजा रगत दाट झाला. ता नुसतो धूर. आग येगळी. ती पेशी दुसरी बारीक प्रथिना सोडता, निरोप धाडल्यासारकी. काडणाऱ्यांका सांगता, जोरान काडा. बसयणाऱ्यांका सांगता, घराक जावा."

"आनि गडगो कोसाळलो तर तिका काय फायदो?"

मी चकित झाले. हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारायला दोन वर्षं घेतली होती.

"फुटलेल्या हाडातसून जा काय बाहेर पडता, ताच तिचा खत. हाड फुटता तशी ती वाढता, ती वाढता तसा हाड फुटता."

"म्हणजे दोगांचो वाटो ठरलेलो आसा."

"तसाच."

"आनि मी म्हयनोभर तो गडगो चोळून घेतलंय."

"देवाची दया म्हणान मोडलो नाय."

तो गोव्याला गेला. डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला. उपचार लांबले. पेशी मारणारी औषधं एकीकडे, आणि चिरे काढणाऱ्यांना रजेवर पाठवणारं इंजेक्शन दुसरीकडे. केस गेले, आवाज बसला, किनाऱ्यावर दुसराच कोणी ओरडू लागला आणि मासळीचे भाव उगाचच गोड झाले. हा आजार समूळ जात नाही, आटोक्यात ठेवावा लागतो, हे त्याला सांगितलेलं होतं. दर तीन महिन्यांनी तो माझ्याकडे रक्त द्यायचा आणि मी तो सुळका किती झिजला ते बघायची. एकदा रिपोर्टमध्ये तो जवळजवळ जमिनीला टेकला. त्या दिवशी मी लॅबचं दार लावून मायक्रोस्कोपसमोर बसून रडले. हे त्याला सांगू नये.

आता माझ्या रागाचं कारण. बरं वाटल्यावर बाबीमामाने नवस फेडायला काढले. देवीला ओटी. डॉक्टरांना कुडाळला घरपोच सुरमई, हातभर लांब. आणि एक दिवस तो नारळ आणि झेंडूचा हार घेऊन माझ्या लॅबमध्ये आला. मला वाटलं, आलं! केस नीट केले, तोंडावर नम्रता आणली.

"खंय तो मशीन?" त्याने विचारलं.

"कसलो मशीन?"

"जेना माजो रोग काडल्यान तो."

कोपऱ्यात नवं साखर-चरबी मोजण्याचं मशीन होतं, मोठं पांढरं, दिवे लुकलुकणारं. त्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. माझं तोंड उघडायच्या आत त्याने त्याला हार घातला, हात जोडले आणि माझ्या स्वच्छ फरशीवर नारळ फोडला.

मी भडकले. म्हटलं, नळी होती ती! साधी काचेची नळी! आणि नळी तुझ्याशी बोलली नाही, मी बोलले. चळती मी बघितल्या, फोन मी केला, वाळूत तुझ्यामागे मी आले. देवीला ओटी, डॉक्टरांना सुरमई, मशीनला नारळ आणि मला?

बाबीमामाने खोबऱ्याचा तुकडा उचलून फुंकर मारली. "तुका पुरे पैसे दिलंय न्हय? एक रुपयो कमी करूक नाय तू. हिशोब थयच मिटलो."

आणि गावभर सांगत सुटला तो काय? "फुकटच्या टेस्टीत रोग गावलो! पैसे देवन केली आसती तर काय काय गावला आसता कोण जाणा!" तेव्हापासून माझ्या लॅबमध्ये येणारा प्रत्येक माणूस बाही वर करून बसून राहतो. "वर काय?" मीही दरडावत एक नळी उभी करते. अजून तरी दुसऱ्या कोणाच्या पेशी शंभराव्या खुणेखाली गेलेल्या नाहीत. त्या तशा कधीच जाऊ नयेत. पण आता नळीसमोर मी तासभर बघत बसते.

गेल्या महिन्यात मी बांगडे घ्यायला तारकर्लीला गेले. बाबीमामा परत किनाऱ्यावर होता. आवाज अर्धा, केस नवे आलेले, लहान मुलासारखे कुरळे. एक डझन घ्यायचे होते, त्यांचा भाव ठरवायला आम्हाला पाऊण तास लागला. लोक दात घासत उभे राहिले. त्याने पिशवीत बांगडे टाकले. मी पिशवीचं तोंड उघडं धरून उभी राहिले.

"आता काय?" तो म्हणाला.

"वर काय?"

त्याने पाटीकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"वर मी आसंय न्हय! जितो!"

मी पिशवी बांधली आणि निघाले. डोळ्यांना वाळू लागली होती, वारा होता.

घरी येऊन पिशवी ओतली आणि बांगडे मोजले. अकरा होते.